आतड्यातले मज्जातंतू आणि ब्राझीलचा ‘न्हावी’

पोट साफ न होणे हा आपल्याकडे काळजीचा विषय आहे आणि थट्टेचाही. प्रत्येक घरात एक तरी ‘जड कोठ्याचा’ माणूस असतो. त्याच्यासाठी एरंडेल असते, त्रिफळा चूर्ण असते, रात्रीचे गरम पाणी असते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले तर फुकटच असतात. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांचा कुणी माणूस ‘मला लहानपणापासून आठ आठ दिवस शौचाला होत नाही, पोट नगाऱ्यासारखे फुगते’ असे सांगू लागला, तर ऐकणारा बहुधा गालात हसतो. डॉक्टरही कित्येकदा रेचक लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारतो.

अशा माणसांपैकी फार थोड्यांच्या बाबतीत मात्र वेगळीच भानगड असते. आतड्यात गाठ नसते, व्रण नसतो, काही अडकलेलेही नसते. आतड्याच्या भिंतीत ज्या मज्जापेशी असायला हव्यात, त्याच नसतात. काहींच्या त्या जन्मतः नसतात, काहींच्या पुढे केव्हातरी मरून जातात. नसलेली वस्तू शोधणे हे असलेली वस्तू शोधण्यापेक्षा किती कठीण असते, याचे हा आजार म्हणजे एक विलक्षण उदाहरण आहे. त्याचा उलगडा व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. या कथेतला मोठा आणि रंगतदार भाग घडला तो ब्राझीलमध्ये, पोर्तुगेज भाषेत, आणि तिच्या एका कोपऱ्यात आपल्या बाणावलीचा एक गोंयकारही दिसतो. म्हणून ती गोव्यातील वाचकांना सांगावीशी वाटली.

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते. १८५७ साली गेओर्ग माइसनर याने आतड्याच्या आतल्या अस्तराखाली मज्जातंतूंचे एक जाळे पाहिले. पुढे १८६० च्या दशकात ब्रेस्लाऊ शहरातल्या लिओपोल्ड आउएरबाख याला आतड्याच्या दोन स्नायूथरांच्या मध्ये आणखी एक दाट जाळे सापडले. दोन्ही जाळी आजही त्यांच्याच नावांनी ओळखली जातात. या जाळ्यांत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असतात असे आजचा अंदाज सांगतो. एवढे सैन्य तिथे काय करते, हे १८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले. आतड्यात अन्नाचा गोळा आला की त्याच्या वरचा भाग आवळतो आणि खालचा भाग सैल पडतो, म्हणून गोळा पुढे सरकतो. मेंदूकडून येणारे सगळे मज्जातंतू कापून टाकले तरी हे काम चालूच राहते. थोडक्यात, आतडे मेंदूला विचारत बसत नाही. त्याचा कारभार स्वतंत्र आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: ‘खालचा भाग सैल पडतो.’ आतड्याचे आवळणे आपल्याला सहज कळते, सैल पडणे कळत नाही. पण सैल पडणे हीसुद्धा एक क्रिया आहे आणि ती मज्जापेशी करवतात. त्या नसल्या की आतडे लुळे पडत नाही. उलट ते आवळलेलेच राहते. दरवाजा उघडणारा माणूसच नसेल तर दरवाजा बंद राहतो, तसे.

(आपल्याकडे सुश्रुताने आठ उदररोगांत ‘बद्धगुदोदर’ सांगितलेले आहे आणि मलाचे पुढे सरकणे अपान वायूच्या हाती दिलेले आहे. हालचाल बिघडली की पोट फुगते हे त्याने नेमके पाहिले होते. यावरून त्याला मज्जातंतूंचे जाळे ठाऊक होते असे सांगण्याची हल्ली फॅशन आहे. तसे काही नाही, आणि नव्हते म्हणून त्याचे मोठेपण कमीही होत नाही.)

१८८६ साली बर्लिनच्या बालरोगतज्ज्ञांच्या सभेत कोपनहेगनचे डॉ. हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी दोन तान्ह्या मुलांची हकीकत वाचून दाखवली. दोघांनाही जन्मापासून शौचाला होत नव्हते, पोटे फुगलेली होती, दोघेही दगावले. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आणि जाड झालेले दिसले. फुगलेले दिसले म्हणजे तोच आजार, असे हिर्शस्प्रुंग यांनी मानले, आणि त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्यांनीही तेच मानले. शल्यविशारद फुगलेला भाग कापून काढत, काही दिवस बरे वाटे, मग उरलेले आतडे पुन्हा फुगे.

मोठ्या माणसातले या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध आतडे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मूटर म्युझियममध्ये काचेमागे ठेवलेले आहे. ते १८९२ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारलेल्या एका तरुणाचे आहे. त्याचे पोट इतके फुगलेले असे की पोट भरण्यासाठी तो जत्रेतल्या तमाशात ‘फुग्याचा माणूस’ म्हणून उभा राहत असे. लोक पैसे देऊन त्याचे पोट पाहत. एक दिवस तो शौचाच्या खोलीतच मरून पडलेला आढळला. त्याचे मोठे आतडे आठ फुटांहून लांब भरले आणि आतल्या मळासकट त्याचे वजन सुमारे चाळीस पौंड होते. एकोणतीस वर्षे हा माणूस डॉक्टरांच्या आणि बघ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याचे खरे दुखणे त्या प्रचंड फुग्यात नव्हते, त्याच्या खालच्या टोकाला असलेल्या साध्या दिसणाऱ्या तुकड्यात होते, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही. येणार तरी कसे? तो तुकडा दिसायला अगदी ठीकठाक असतो.

१९०१ साली टिटेल याने अशा एका मुलाच्या आतड्यात मज्जापेशी जवळजवळ नाहीत असे नोंदवून ठेवले होते. १९२० मध्ये इटलीतल्या दाल्ला व्हाल्ले याने दोन भावांमध्ये तेच पाहिले. कुणी फारसे लक्ष दिले नाही. शेवटी १९४८ मध्ये बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी उलटा विचार केला. पोटावर छिद्र करून मळाला वरूनच वाट काढून दिली की ही मुले सुधारत आणि छिद्र बुजवले की पुन्हा आजारी पडत. म्हणजे दोष छिद्राच्या खाली आहे! त्यांनी आतड्यात फुगे घालून दाब मोजला, तेव्हा खालच्या अरुंद तुकड्यात लाट पोहोचतच नाही असे दिसले. मग त्यांनी फुगलेले आतडे राहू दिले आणि खालचा ‘निरोगी’ दिसणारा तुकडा कापून काढला. मुले बरी झाली. स्वेन्सन पुढे शंभरी ओलांडून २०१२ मध्ये वारले. आपण वाचवलेली मुले म्हातारी होताना त्यांनी पाहिली, असे भाग्य किती डॉक्टरांच्या वाट्याला येते?

हा झाला जन्मजात प्रकार. सुमारे पाच हजार जन्मांत एका बालकाला तो असतो. आता आपण ब्राझीलला जाऊ, कारण मोठेपणी मज्जापेशी मरून जाण्याचा प्रकार तिथे गावोगाव होता, आणि तिथल्या गावकऱ्यांनी त्याला डॉक्टरांच्या कितीतरी आधी नाव देऊन ठेवले होते.

गोयाझ, मिनास जेराइस, साओ पाउलो या अंतर्भागातल्या प्रांतांत ‘माल द एंगास्गो’ नावाचे दुखणे होते. आपल्या जुन्या पिढीला अर्थ सांगायला नको: घास अडकण्याचा रोग. माणूस जेवायला बसायचा, घास गिळायचा आणि तो छातीत अडायचा. मग वरून पाणी प्यायचे, उभे राहायचे, येरझारा घालायच्या. वर्षागणिक माणूस वाळत जायचा. दुसरे दुखणे पोटाचे. तीन-तीन आठवडे शौचाला होत नसे आणि एके दिवशी पोट दगडासारखे होऊन माणूस जायचा. त्याला तिथले लोक ‘नो नास त्रिपास’ म्हणत, म्हणजे आतड्याला गाठ. आपण मराठीत ‘आतड्याला पीळ पडला’ म्हणतो. फुगून लांबलेले मोठे आतडे स्वतःभोवतीच फिरते आणि खरोखरच पीळ पडतो, त्यामुळे दोन्ही भाषांतले शब्द शब्दशः बरोबर आहेत. एकाच घरात एकाला घशाचे दुखणे, दुसऱ्याला पोटाचे, आणि तिसरा धडधाकट तरुण शेतात काम करता करता छातीवर हात ठेवून कोसळणारा, असेही असे. ही तीन दुखणी एकच आहेत हे गावकऱ्यांना ठाऊक नव्हते आणि राजधानीतल्या डॉक्टरांना तर दुखणीच ठाऊक नव्हती.

१९०७ साली कार्लोस शागास नावाचा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर रिओहून मिनास जेराइसमधल्या लासान्स या गावी गेला. तिथे रेल्वे बांधली जात होती आणि मजूर हिवतापाने मरत होते. त्याची प्रयोगशाळा, दवाखाना आणि बिऱ्हाड सगळे एका रेल्वेच्या डब्यात होते. रेल्वेच्या एका इंजिनियरने त्याला एक मोठा ढेकूण दाखवला. हा ढेकूण कुडाच्या भिंतींच्या भेगांत राही आणि रात्री निजलेल्या माणसाच्या तोंडावर चावून रक्त पिई. तोंडाशी काम, म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवले होते ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी! शागासने त्याचे पोट फाडून पाहिले तर आत शेपटीवाले सूक्ष्म जीव वळवळत होते. ते त्याने आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे रिओला पाठवले, माकडांना त्यांची लागण झाली. मग तो त्या जीवाचा शोध गावात घेऊ लागला. एका घरातल्या मांजराच्या रक्तात तो सापडला आणि १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनीस नावाच्या दोन वर्षांच्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या रक्तातही सापडला. जीवाला शागासने गुरूचे नाव दिले, रोगाला जगाने शागासचे.

आजवरच्या वैद्यकात ही उलटी गंगा क्वचितच वाहिली असेल. आधी रोग, मग जंतू, मग तो पसरवणारा कीटक असा नेहमीचा क्रम असतो. शागासला आधी कीटक मिळाला, मग जंतू, आणि रोग सर्वांत शेवटी. आणि याच उलट्या क्रमाने त्याचा घात केला. जंतू हाती होता, पण तो नेमका काय काय करतो हे ठरवताना तो चुकला. त्या भागात गलगंड फार होता, तोही त्याने याच जंतूच्या माथी मारला. विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले. १९२२ च्या सुमारास रिओच्या वैद्यकीय अकादमीत त्याच्यावर इतके आरोप झाले की हा रोग लासान्सच्या बाहेर आहे तरी का, इथपर्यंत मजल गेली. दोनदा नोबेलसाठी नाव सुचवले गेले, मिळाले नाही. १९१६ मध्ये त्याने लिहून ठेवले होते की घास अडकण्याचे दुखणेही याच जंतूमुळे असावे. त्याचा हा अंदाज बरोबर होता. पण गलगंडाच्या गदारोळात तो बुडाला आणि १९३४ मध्ये शागास वारला तेव्हा त्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हते.

गंमत म्हणजे पुरावा तोपर्यंत साओ पाउलोत येऊन पडलेला होता. १९३२ मध्ये आमोरिम आणि कोहैया नेत्तो या दोघांनी अशा रुग्णांच्या फुगलेल्या अन्ननलिका आणि आतडी तपासली आणि आउएरबाखचे जाळे उद्ध्वस्त झालेले आहे असे दाखवले. मग ते उद्ध्वस्त कशाने झाले? साओ पाउलोच्याच एत्झेल याने उत्तर दिले की जीवनसत्त्व ब-१ च्या अभावाने. खेड्यातले लोक, गरीब, निकृष्ट खाणारे, तेव्हा त्यांना अन्नातूनच काहीतरी कमी पडत असणार! उत्तर सोयीचे होते आणि ते वीस वर्षे टिकले. गरिबाचे दुखणे त्याच्या ताटावर ढकलले की भिंतीकडे पाहायला नको.

१९५३ मध्ये फ्रिट्झ क्योबर्ले हा ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ साओ पाउलो प्रांतातल्या रिबेराओ प्रेतो या कॉफीच्या मळ्यांच्या गावी नव्याने उघडलेल्या मेडिकल कॉलेजात आला. युरोपात ज्या फुगलेल्या अन्ननलिका आणि आतडी क्वचित पाहायला मिळत, ती इथे शवविच्छेदनाच्या टेबलावर एकामागून एक येत होती. या माणसाने काय केले? तो मोजायला बसला. प्रेतातून अन्ननलिकेचे किंवा आतड्याचे ठरावीक ठिकाणचे कडे कापायचे, त्याचे पातळ पातळ काप करायचे, एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि मज्जापेशी मोजायच्या. रोगी माणसाच्या मोजायच्या, निरोगी माणसाच्या मोजायच्या, तरुणांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मोजायच्या. अशी हमाली कुणी आनंदाने करील असे वाटत नाही, पण क्योबर्लेने ती वर्षानुवर्षे केली. आतड्यात ‘थोड्या पेशी कमी दिसतात’ असे म्हणणे वेगळे आणि किती कमी हे आकड्यात सांगणे वेगळे.

त्याचे आकडे आजही सांगितले जातात. मोठ्या आतड्यातल्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, मज्जापेशी गेल्या की ते फुगू लागते. अन्ननलिका अधिक चिवट, तिच्या ९० टक्के पेशी जाव्या लागतात. या जागी शागासचा जंतू होऊन गेल्याच्या खुणाही त्याला मिळाल्या. मुलाला लहानपणी ढेकूण चावतो, चावताना तो तिथेच विष्ठा टाकतो, मूल खाजवते आणि जंतू आत शिरतो. थोडा ताप येतो, जातो. त्या तापातच आतड्यातल्या पुष्कळ पेशी मारल्या जातात, पण उरलेल्यांवर काम भागते. वय वाढते तशा प्रत्येकाच्याच काही पेशी नैसर्गिकरीत्या कमी होत जातात. निरोगी माणसाला ते कळत नाही, कारण त्याच्याकडे शिल्लक मोठी. या माणसाची शिल्लक आधीच लुटली गेलेली, म्हणून तिशी-चाळिशीत त्याचे दिवाळे निघते. ढेकणाला आणि तापाला तोवर तो कधीच विसरलेला असतो. (लुटालूट फक्त सुरुवातीच्या तापातच होते असे आज मानत नाहीत; पुढेही धुमसती सूज पेशी मारत राहते. पण हिशेबाचा मुद्दा तोच.)

इथे आपल्या माणसाची आठवण होते. डॉ. इंदालेन्सियु फ्रोयलानो द मेलो, जन्म बाणावली, १८८७. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या एश्कोल मेदिकाचे, म्हणजे आजच्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या पूर्वज संस्थेचे, ते प्राध्यापक आणि पुढे संचालक झाले. माकाझनचे कुष्ठालय त्यांनी उभे केले, पणजीचे ते महापौर होते, १९४५ ते १९४९ या काळात लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते. राजकारणामुळे त्यांचे नाव निघते तेव्हा त्यांचे खरे वेड विसरले जाते. त्यांचे वेड होते एकपेशीय परजीवी. वाळवीच्या आतड्यात राहणारे शेपटीवाले जीव, गोव्याच्या पक्ष्यांच्या रक्तातले परजीवी, असे कितीतरी त्यांनी पहिल्यांदा वर्णिले. खंड्या पक्ष्याच्या रक्तातल्या एका परजीवीच्या शास्त्रीय नावापुढे आजही ‘द मेलो, १९३५’ असे लिहावे लागते. आयुष्याच्या शेवटी ते ब्राझीलला स्थायिक झाले आणि १९५५ मध्ये साओ पाउलोत वारले. त्याच प्रांतात, त्याच वर्षांत, क्योबर्ले शागासच्या जंतूने मारलेल्या पेशी मोजत होता. या शोधाचे श्रेय द मेलोंचे नव्हे आणि ओढूनताणून मी ते त्यांना देणार नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली वाळवीचे आतडे उलगडून बसणाऱ्या या सासष्टीकराला त्या कामाची गोडी लगेच कळली असती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

वाचकांच्या मनात आता एक प्रश्न आला असेल. काजू ब्राझीलहून आला, अननस आला. मग हा न्हावी आला नाही का?

त्याचा एक भाऊबंद आला आहे. शागासच्या ढेकणाच्या कुळातला लाल काठांचा एक मोठा ढेकूण भारतात आढळतो. उंदरांच्या सोबतीने तो जहाजांतून जगभरच्या बंदरांत पसरला असे मानतात. आणि पाहा, ज्या १९०९ साली शागासला बेरेनीस सापडली त्याच साली मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी या भारतीय ढेकणाच्या पोटात तसलाच एक शेपटीवाला जीव पाहिला. हे डोनोव्हन म्हणजे काळा आजारवालेच. पण तो जीव निघाला उंदरांचा, माणसाला न बाधणारा. कुडाची घरे आपल्याकडेही होती, ढेकूणही होता, फक्त तो जंतू समुद्र ओलांडून आला नाही.

मात्र त्याच्या नात्यातला दुसरा एक जंतू आपल्या गुराढोरांत पूर्वापार आहे. घोडे, उंट, बैल यांना होणाऱ्या ‘सर्रा’ रोगाचा हा जंतू ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात शोधला. माणसाला तो होत नाही अशी सव्वाशे वर्षे खात्री होती. २००४ च्या ऑक्टोबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवनी गावचा एक शेतकरी येऊन-जाऊन असणाऱ्या तापाने आजारी पडला आणि त्याच्या रक्तात हाच जंतू निघाला. अशी जगातली ही पहिली पक्की नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी केली. सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेकडून मागवावे लागले, माणूस बरा झाला. पुढे गावातल्या सुमारे अठराशे लोकांचे रक्त तपासले, पण जंतू दुसऱ्या कुणाच्याही रक्तात सापडला नाही. जो पदार्थ आपल्या रक्तात असल्यामुळे हा जंतू मरतो, तोच या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतः नव्हता, हे २००६ मध्ये कळले. पुन्हा तेच. कशाचे तरी नसणे!

नागपूरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौसर तालुक्यात बोरगाव आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. भाषावार वाटणीत विदर्भ अलीकडे आला आणि छिंदवाडा पलीकडे राहिला. सौसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी घरात मराठी आणि मोठ्या आजाराला नागपूर, हे चालूच आहे. राजधानी बदलते, जिल्हा बदलतो, पण दुखणे घेऊन माणूस कुठल्या रस्त्याला लागतो हे सहसा बदलत नाही. वर सांगितलेली आतड्याची दुर्मिळ दुखणी अशाच गावांतून जास्त उशिरा शहरात पोहोचतात. आधी घरगुती औषध, मग तालुक्याचा दवाखाना, मग पोटात पीळ पडला की रात्रीची गाडी.

आपल्याकडे मोठ्या माणसात जे दिसते ते शागासचे नव्हे. ते तीन-चार प्रकारचे असते. काहींना हिर्शस्प्रुंगचाच आजार असतो, पण दोषी तुकडा इतका आखूड असतो की रेचके आणि एनिमा यांवर माणूस तीस-चाळीस वर्षे काढतो. काहींच्या फक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या मज्जापेशी जातात आणि घास अडतो, अगदी ब्राझीलच्या खेडुतासारखा. लंडनच्या थॉमस विलिस याने १६७४ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे. व्हेल माशाच्या लवचिक काडीच्या टोकाला स्पंज बांधून त्याने रुग्णाला दिला आणि तो माणूस प्रत्येक घास त्या काडीने खाली ढकलत पंधरा-एक वर्षे जगला. काहींच्या आतड्यावर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटते, कधी आत लपलेल्या कर्करोगामुळेही. आणि काहींचे कारण शेवटपर्यंत कळत नाही.

निदान करायचे तर गुदाशयात छोटा फुगा फुगवून दाब मोजतात. निरोगी माणसात फुगा फुगला की आतला गुदस्नायू आपोआप सैल पडतो, या रुग्णांत पडत नाही. पण खरा निकाल आतड्याच्या तुकड्यावर लागतो. तिथे पॅथॉलॉजिस्टला काही शोधायचे नसते, काही नाही याची खात्री करायची असते. एका कापात पेशी दिसल्या नाहीत म्हणून भागत नाही, पुढचा काप पाहायचा, त्याच्या पुढचा, डझनावारी. मग त्याने सही करायची की नाहीत. या सहीवर आतड्याचा किती भाग कापायचा हे ठरते. तुकडा वरवरचा घेतला, किंवा गुदद्वाराच्या अगदी लगत घेतला, जिथे निरोगी माणसातही पेशी विरळच असतात, तर निदान चुकते. आणि पेशी आहेत असा चुकीचा निकाल आला तर रुग्ण पुन्हा एरंडेलाकडे जातो.

गेलेल्या पेशी परत आणणारे औषध अजून नाही. शागासच्या जंतूला मारणारी दोन औषधे आहेत आणि ती लवकर दिली तर उपयोगी पडतात, पण मेलेले जाळे उभे करत नाहीत. शस्त्रक्रिया मात्र सुधारली. फ्रान्सच्या द्युहामेलने १९५६ मध्ये मुलांसाठी काढलेली युक्ती ब्राझीलच्या हद्दाद यांनी १९६५ मध्ये शागासच्या मोठ्या रुग्णांसाठी बदलून घेतली. घरांच्या भिंती गिलावा करून बुजवल्या, औषध फवारले, आणि घरात राहणारी त्या ढेकणाची मुख्य जात आता रोग पसरवत नाही असे ब्राझीलला २००६ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. तरीही जगात साठ-सत्तर लाख लोकांच्या अंगात तो जंतू आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० पासून १४ एप्रिल हा शागास रोगाचा जागतिक दिवस पाळतात.

त्या दिवसाची जी नायिका, ती बेरेनीस सत्तरी ओलांडून वारली. १९६२ मध्ये तिचे रक्त पुन्हा तपासले, जंतू होता. १९७८ मध्ये तपासले, तेव्हाही होता. तिचा घास कधी अडला नाही, पोट कधी फुगले नाही आणि हृदयही शेवटपर्यंत शाबूत होते. लागण झालेल्या दहांपैकी तीन-चार जणांनाच पुढे आजार का होतो आणि बाकीच्यांना का होत नाही, ते अजून समजलेले नाही.